मसाल्याच्या फळीमागचा ट्रॅकर

मी बोलतोय ते एका चालत्या घरातून. गाडीच्या मागच्या खिडकीशी छोटा ओटा आहे, ओट्यावर मसाल्याच्या डब्यांची फळी आहे, आणि फळीमागच्या प्लायवूडच्या पोकळीत मी आहे. काडेपेटीहून थोडा मोठा, काळा, दोन वायरींचा, पोटात एक सिमकार्ड. गाडी कुठे आहे ते आभाळातल्या उपग्रहांकडून जाणून घ्यायचं आणि मालकाच्या फोनवर कळवायचं, एवढंच माझं काम. मला ट्रॅकर म्हणतात. आता सगळं निभावलं आहे, म्हणून निवांत सांगतो.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते पेणच्या बाजारातल्या एका दुकानाचं काचेचं कपाट. तिथे एका दुपारी निलेश आला. नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, घाईतला माणूस.

"आईच्या गाडीला लावायचाय," तो म्हणाला. "फार महाग नको."

दुकानदाराने आधी चुंबकाने चिकटणारा दाखवला. त्याला दर आठवड्याला काढून चार्ज करावं लागतं, हे कळल्यावर निलेशने तो बाजूला सारला. "आठवड्याला गाडीखाली कोण शिरणार?" मग एक बटणाएवढी चकती आली. ती आजूबाजूच्या फोनांच्या भरवशावर चालते. खिंडीत, खाडीकाठी माणूसच नसलं तर तीही मुकी. वर्षाची मोठी फी असलेला एक होता, तो निलेशने हातातसुद्धा घेतला नाही. शेवटी माझी पाळी आली.

"हा गाडीच्या बॅटरीवर चालतो. वायर तोडली तरी पोटातल्या बॅटरीवर पाच-सहा तास जातो," दुकानदार म्हणाला. "आणि याच्या सिमवर फोन लावलात ना, तर हा न वाजता उचलतो. गाडीत काय बोलतात ते ऐकू येतं."

निलेशने मला खाली ठेवलं, परत उचललं. मग त्याने मला घेतलं.

गाडी त्याच्या आईची होती. सगुणाबाई. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर. पेण–रोहा, रोहा–पेण. शेवटचा थांबा आला की गाडी वळायची आणि त्या परत. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली, बाकं काढली, सुताराकडून दिवाण, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली, आणि एकोणसाठाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या. लोक हसले. त्या म्हणाल्या, "हसा. मला आता जिथं पायजे तिथं उतरायचंय."

निलेशने मला पेणच्या एका गॅरेजमध्ये, सर्व्हिसिंगच्या निमित्ताने डॅशबोर्डखाली लपवलं. वायरमनला म्हणाला, "कुणाला सांगू नका. आईलाही नाही." चोराला कळू नये म्हणून लपवतात हे मला ठाऊक होतं. जिची गाडी तिच्यापासूनही लपायचं, हे मला पहिल्याच दिवशी जरा खटकलं.

पण ते दिवस चांगले होते. सगुणाबाई सकाळी निघायच्या, आंबा नदीकाठी सावली बघून थांबायच्या, दार उघडं टाकून चहा करायच्या. एकदा अशाच नागोठण्याला थांबलेल्या असताना त्या बोलू लागल्या. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

"बघा, परत दोन कप केले. सवय जात नाय माझी. तुम्ही असता तर म्हणाला असता, गाडी सावलीत लाव, बॉनेट तापलं. लावलीय हो सावलीत."

त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी त्या असं कधी बोलत नसत. आणि नेमका त्याच वेळी माझ्या सिमवर फोन आला. मी न वाजता उचलला, मी तसाच बनलोय. पलीकडे निलेश होता. त्याने थोडंसं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. परत कधी लावला नाही. पण नकाशा मात्र तो रोज बघत राहिला.

एका रविवारी जेवताना त्याच्या तोंडून गेलं, "आई, परवा नागोठण्याला अडीच तास काय करत होतीस?"

सगुणाबाईंनी जेवण उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत आल्या आणि दार लावून घेतलं. तिकीट चुकवायला सीटखाली वाकणारे प्रवासी त्यांनी बावीस वर्षं हुडकून काढले होते. मी काय टिकणार? दिवाण झाला, टाकी झाली, मग डॅशबोर्डखाली हात आला आणि मी त्यांच्या तळहातावर होतो.

निलेशला त्यांनी गाडीतच बोलावलं. "हे काय हाय?"

"चोरीसाठी लावलंय गो आई."

"मग मला का नाय सांगितलंस?"

तो डॅशबोर्डखालच्या सुट्या वायरी आत खोचू लागला.

"मी सत्तर-सत्तर माणसांची गाडी संभाळली रे. पावसात, पुरात. तेव्हा कुणी माझ्या मागं असलं लावलं नाय."

"तू एकटी असतेस. मला भीती वाटते," निलेश म्हणाला. ते खरं होतं. पण त्याने ऐकलेला तो फोन मात्र सांगितला नाही. मला सांगता आलं असतं तर मीही सांगितलं नसतं, इतकी शरम वाटत होती.

मला वाटलं, त्या मला खाडीत भिरकावणार. नाही. दोन दिवसांनी त्यांनी मला पुन्हा गाडीत आणलं. डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकांचं काम बघून बघून त्यांना वायरीचं बरंच कळत होतं. पत्र्याखाली ठेवलं तर मला आभाळ दिसत नाही, हे त्यांनी निलेशकडून घेतलेल्या माझ्या खोक्यातल्या कागदात चष्मा लावून वाचलं होतं. म्हणून खिडकीजवळची ही लाकडी पोकळी. ओट्यावरच्या दिव्याची वायर मला जोडली, काळी टेप गुंडाळली, पुढे हळद-तिखटाचे डबे लावले. ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, पासवर्ड बदलला. निलेशला एवढंच म्हणाल्या, "लावलाय परत. कुठं ते मलाच ठाऊक."

त्यानंतर महिनाभर मायलेकरांचं बोलणं कामापुरतं राहिलं.

मग रोह्याचं बारसं आलं. सगुणाबाईंची डेपोतली मैत्रीण शांती, तिच्या नातीचं. सगुणाबाईंनी गाडी रस्त्याकडेला लावली, पाळण्याची खेळणी घेतली आणि आत गेल्या. भर दुपार. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, पण क्लच दाबणारा पाय त्यांचा नव्हता.

दोघे होते. कोलाडच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि एकाचा हात सरळ डॅशबोर्डखाली गेला.

"इथंच लावलाय म्हणत होता वायरमन."

"मग?"

"नाय. नुसत्या वायरी हायत. काढून टाकलेला दिसतोय."

"बरं झालं. चल."

मी डब्यांमागे जीव मुठीत धरून होतो. खांब गावाशी त्यांनी हायवे सोडला, एका कच्च्या वाटेने आत गेले आणि गाडी पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये घातली. आभाळ गेलं. मी पाच-पाच मिनिटांनी कळवतो, म्हणून माझा शेवटचा ठावठिकाणा हायवेवरच्या वळणाचाच राहिला; फोनची रेंज तेवढी उरली. मग त्यांनी गाडीच्या बॅटरीची वायर काढली. आता माझ्या पोटातली बॅटरी, आणि तेवढेच तास.

पुढचं मला नंतर शांतीच्या तोंडून कळलं. सगुणाबाई बाहेर आल्या तर गाडीच्या जागी तेलाचे दोन थेंब. त्यांनी निलेशला फोन लावला, पण कंपनीत आत फोन नेता येत नाही, तो शिफ्ट सुटेपर्यंत सापडणार नव्हता. शांती रडायला लागली. "गो सगुणा, काय करायचं आता?"

"रडू नको. पोलीस ठाण्यात चल."

हवालदार भला होता. नकाशा बघून त्याने जीप काढली. खांबच्या वळणावर ते उतरले तर तिथे गाडी नाही, नुसता रुंद झालेला रस्ता, आणि आत जाणाऱ्या तीन वाटा.

"ताई, हा ठिपका जुना दिसतोय. तिथून गाडी कुठंही गेली असंल," हवालदार म्हणाला.

सगुणाबाईंनी तिन्ही वाटांकडे बघितलं. मग त्यांना माझ्या खोक्यातला कागद आठवला: सिमवर फोन लावला की गाडीतलं ऐकू येतं. त्यांनी माझ्या सिमवर फोन लावला.

मी उचलला. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला कान आहेत ते बरं आहे. शेडमध्ये ते दोघे नंबरप्लेट काढत होते. एक म्हणाला, "शेगडी-टाकी वेगळी विकू." आणि त्यांच्या मागून एक आवाज सतत येत होता, इंजिनाचा. तीन ठोके, मग एक खाडा. तीन ठोके, मग एक खाडा.

सगुणाबाईंनी फोन हवालदाराच्या कानाला लावला. "ऐका. ही भाताची गिरणी हाय. माझा थांबा होता तिथं. बायका पिशव्या घेऊन चढायच्या. पट्टा तेव्हापासून असाच मार खातोय."

"हायवेला गिरणी नाय हो इथं."

"हायवेला नाय. रस्ता रुंद झाला तेव्हा जुना थांबा आत राहिला. मधली वाट घ्या."

तिसऱ्या मिनिटाला जीपचा आवाज माझ्याच कानी आला. दोघांपैकी एक भिंतीवरून उडी मारायला गेला आणि भाताच्या कोंड्याच्या ढिगात कमरेपर्यंत रुतला. दुसरा पाना हातात घेऊन तिथेच बसला. पेणच्या त्या वायरमनलाही पोलिसांनी संध्याकाळपर्यंत बोलावून घेतलं.

सगुणाबाई गाडीत चढल्या. आधी दिवाणावर बसल्या. मग उठून डबे बाजूला केले, पोकळीत हात घालून मला चाचपलं आणि म्हणाल्या, "हायस ना रे?" एवढंच. माझ्या पोटातली बॅटरी शेवटच्या घटकेला आली होती. पण खरं सांगतो, तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

निलेश रोह्याच्या पोलीस ठाण्यात पोचला तेव्हा अंगावर कंपनीचाच शर्ट होता. आईला बघून तो गाडीच्या पायरीवरच बसला. पंचनामा चालू होता आणि सगुणाबाई आवारात उभ्या गाडीत चहा उकळत होत्या.

"आई, तू जागा बदलली नसतीस तर गेली असती गाडी."

"व्हय. गेली असती."

त्याने कप हातात घेतला, प्यायला नाही. "तुला एक सांगायचंय. मी एकदा फोन लावला होता याला. नागोठण्याला. तू बाबांशी बोलत होतीस."

गाळणीतून चहा ठिबकत राहिला. मला वाटलं, जुळत आलेलं मायलेकरांचं पुन्हा तुटतं की काय.

"किती ऐकलंस?"

"दोन कपांपर्यंत. मग ठेवला. मला नाय ऐकवलं."

सगुणाबाईंनी शेगडी बंद केली. मग त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. "मग इतके दिवस एकटाच घेऊन बसलास होय? येडा हायस. मला विचारलं असतंस तर बसलो असतो दोघं. तुलाही आठवण येतच असंल."

निलेशने मान हलवली आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग त्याने चहा प्यायला.

ॲप आजही सगुणाबाईंच्याच फोनवर आहे. निलेशने मागितलं नाही. एक चिठ्ठी मात्र त्यांनी पासवर्ड लिहून, पाकिटात बंद करून त्याच्या कपाटात ठेवली आहे. म्हणाल्या, "अडीनडीला फोड."

वाचणाऱ्यांनो, माझ्यासारखा एखादा घेणार असाल तर जरूर घ्या. महागच पाहिजे असं नाही. मला आभाळ दिसेल अशा जागी लपवा, सिमचं रिचार्ज विसरू नका, आणि बसवणारा तोंड बंद ठेवील यावर विसंबू नका. पण गाडी ज्याची आहे त्याला सांगून लपवा. माझे कान उघडेच असतात, मला ते मिटता येत नाहीत. ते काम तुम्हालाच करावं लागेल.

सध्या आम्ही माणगावच्या पुढे, एका वडाखाली आहोत. पेण–रोह्याचे सगळे थांबे मागे राहिले. मघाशी निलेशचा फोन आला, आईच्या फोनवर. "कुठवर आलीस?" आणि सगुणाबाई खिडकीत उभ्या राहून सांगताहेत: झाड कसलं आहे, समोर नाचणी कशी आलीय, शेजारी कोण म्हातारी काकड्या विकते आहे. नकाशावरच्या माझ्या ठिपक्याला यातलं काहीच सांगता आलं नसतं. आठ दिवस झाले, मला कोणी काही विचारलेलं नाही. खूप हलकं वाटतंय.