आरामाची ड्यूटी

शर्टांच्या त्या कारखान्याचे जुने मालक तोंडाचे भारी फटकळ. कामगारांच्या कल्याणाचा विचार त्यांनी उभ्या जन्मात केला नाही. जेवणाच्या सुट्टीत बायका चिंध्यांच्या खोलीत गठ्ठ्यांवर आडव्या व्हायच्या. म्हातारे मधूनच तिथून जायचे, "लोळतायत सगळ्या म्हशी!" असं पुटपुटायचे आणि कुणाच्या अंगावर पाय पडणार नाही अशा बेताने पलीकडे निघून जायचे. बस, एवढंच.

मग कारखाना मुलाच्या हातात आला आणि कल्याणासाठी वेगळा साहेब नेमला गेला. बायका त्याला कल्याणसाहेबच म्हणत. माणूस भला, चेहऱ्यावर कायम अशी काळजी, की वाटावं याच्या घरी कुणी आजारी आहे. आल्या आल्या त्याने भिंतींवर पाट्या लावल्या: 'हसा.' 'खोल श्वास घ्या.' 'भरपूर पाणी प्या.' पाणी पिऊन जायचं कुठे, याची पाटी नव्हती, कारण त्या दाराची किल्ली मुकादमाकडे असे.

नंतर त्याने चिंध्यांची खोली रिकामी केली. रंग, मऊ कोच, कुंडी, भिंतीवर समुद्राचं चित्र. नाव 'विश्रांती कक्ष'. आणि मळायला नको म्हणून दाराला कुलूप.

यात हाल झाले ते आत्याचे. सगळा कारखाना जिला आत्या म्हणे, ती इस्त्रीवर होती. दिवसभर उभं राहायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुपारी पाय वर करून पडा, नाहीतर काम सोडा. काम सोडणं परवडणारं नव्हतं. घरी नवरा, सासू आणि खाणारी तोंडं तेवढी होती.

"साहेब, खोली उघडा ना जरा. पाय सुजतात हो."

"आत्या, ती तुमच्यासाठीच तर आहे. म्हणून तर एवढी जपतोय!"

"मग मी पडू कुठे?"

"मनाने विश्रांती घ्या. शरीर मनाचं ऐकतं."

शेजारी बटणं लावत तिची धाकटी जाऊ बसली होती. ती म्हणाली, "जाऊबाई, तुमचे पाय बहिरे आहेत वाटतं."

उद्घाटनाला शर्ट विकत घेणाऱ्या मोठ्या दुकानाच्या बाई येणार होत्या. फोटोत एक दमलेली कामगार हवी, म्हणून साहेबाने सगळ्यांचे चेहरे न्याहाळले आणि आत्याला निवडलं. मेकअपचा खर्च वाचला.

"कोचावर आडव्या व्हा. पाय वर. डोळे मिटा, झोपल्यासारखं करा."

आत्याने आयुष्यात कुठलं काम अर्धवट केलं नव्हतं. फोटो निघाला, टाळ्या झाल्या.

"झालं आत्या, उठा आता."

उत्तरादाखल घोरणं आलं.

"छान अभिनय करतात," साहेब हसत बाईंना म्हणाला.

"अभिनय कसला! नणंदेच्या लग्नातही अशाच झोपल्या होत्या, ऐन अक्षतांच्या वेळी," जाऊ म्हणाली.

साहेब आत्याला हलवायला वाकला, तशी पाहुण्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपू द्या! सगळ्या कारखान्यांत मला नुसते कोच दाखवतात. त्यावर झोपलेलं माणूस आज पहिल्यांदा बघतेय."

मंडळी चवड्यांवर बाहेर पडली. मालकाने 'कामगार हेच आमचं कुटुंब' हे भाषण अंगणात, कुजबुजत केलं. निघताना बाई म्हणाल्या, "यापुढे मी न कळवता येईन. कधीही. असंच कुणीतरी विसावलेलं दिसायला हवं. नाहीतर शर्ट दुसरीकडे मिळतात."

दुसऱ्या दिवसापासून कुलूप निघालं आणि आरामाच्या ड्यूट्या लागल्या. कक्ष क्षणभरही रिकामा राहता कामा नये. कल्याणसाहेबाने काजवाल्या, बटणवाल्या, कापणाऱ्या, सगळ्यांना आळीपाळीने आरामाला जुंपलं. कुणी अवघडून बसली की तो दारातून ओरडायचा, "अहो, ताठ काय बसलात? सैल सोडा अंग! शिलाईत टाका चुकत नाही तुमचा, आणि झोपायच्या वेळी कामचुकारपणा?"

डॉक्टरांच्या सांगण्यावरून जेवणानंतरची ड्यूटी आत्याने मागून घेतली. झोपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे साहेबानेही ती आनंदाने दिली. चपला पुन्हा पायांत बसू लागल्या.

साहेबाचं मात्र कठीण झालं. बाईंची गाडी केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून तो दिवसभर दारात उभा. एकदा आत्याने डोळे किलकिले करून पाहिलं, तर तो एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी चोळत होता.

"बसा की हो साहेब घटकाभर."

"छे छे! कोच कामगारांचा. बाई आल्या आणि मी दिसलो, तर घरीच बसावं लागेल."

"मग दार तरी लोटा. उजेड येतो डोळ्यांवर."

"दार कसं लोटू? रस्त्यावरून तुम्ही दिसायला हव्यात."

आत्याने त्यावर नीट विचार केला. सवलती मागायची तिला सवय नव्हती, पण कल्याणसाहेब कल्याणासाठीच तर नेमलेला होता.

"मग असं करा, थोडं डावीकडे सरका. हं... अजून थोडं. आता नाही लागत ऊन. तिथेच उभे राहा."

तो तिथेच उभा राहिला, आणि आत्याने डोळे मिटले.