अकरा जण उठून गेले

सकाळपासून सुलेखानं खासदार काकासाहेबांचा फोन एकवीस वेळा लावला होता आणि एकवीस वेळा तो बंद होता. मुकुंदवाडीचं त्यांचं संपर्क कार्यालय तीच सांभाळायची, आणि तिथं माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणाला दवाखान्यासाठी पत्र हवं होतं, तर कुणाच्या गल्लीत दहा दिवस नळाला पाणी नव्हतं. त्यात पक्षाध्यक्षांचा दिल्लीहून दर पंधरा मिनिटांनी फोन.

"बाई, काकासाहेब सापडले का? उद्या अकराला विश्वासदर्शक ठराव आहे. आज संध्याकाळच्या विमानात ते बसलेच पाहिजेत."

दिल्लीतल्या सरकारातून एक पक्ष फुटून बाहेर पडला होता आणि सरकारला पाच खासदार कमी पडत होते. दोन अपक्ष आधीच वळले होते. काकासाहेबांच्या पक्षाचे खासदार तीनच, पण या तिघांवर सगळं येऊन ठेपलं. अध्यक्षांनी रातोरात सरकारशी जुळवून घेतलं आणि व्हिप काढला : ठरावाच्या बाजूनं मत द्या, नाहीतर खासदारकी जाईल.

खरी पंचाईत वेगळीच होती. याच सरकारला घरी पाठवू, असं सांगून काकासाहेब निवडून आले होते. आणि ते सांगत दारोदार फिरली होती सुलेखा. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"अंगद, गाडी काढ. वेरूळला. बहिणीकडंच दडून बसले असतील."

तिचा अंदाज खरा निघाला. थोरल्या बहिणीच्या, मंजुळाबाईच्या मळ्यात लिंबाखाली बाजेवर बसून खासदारसाहेब भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"सुलेखाताई, मी आजारी हाये," ते तिला बघताच म्हणाले.

"काय झालंय?"

"पोटात दुखतंय."

"दोन भाकरी खाल्ल्या की आत्ताच," मंजुळाबाई चुलीपुढून बोलल्या. "काय बी दुखत नाय त्याचं."

सुलेखानं खुर्ची ओढली. "साहेब, गैरहजर राहिलात तरी व्हिप मोडतोच. खासदारकी जायची ती जाईलच, आणि वर लोक म्हणतील, पळून गेला."

"मग काय करू? बाजूनं मत दिलं तर बिडकीनमधी पाय ठेवू देतील का मला? इरोधात दिलं तर अध्यक्ष सोडत नाय. आन् हिकडं आपले लोक मला इचारतेत, नळाला पाणी कधी येणार!" त्यांनी टरफलं भिरकावली. "मी एकटा काय सरकार चालवतो का पाडतो?"

"ते मला नका सांगू." तिचा आवाज चढला. "उन्हातान्हात दोन महिने मी लोकांच्या पायऱ्या झिजवल्या. बाजूचं हिरवं बटण दाबा नाहीतर विरोधाचं लाल दाबा, त्याचं उत्तर मी लोकांना देईन. दडून बसलात, याचं माझ्याकडं उत्तर नाय."

मग मंजुळाबाई पदराला हात पुसत उठल्या.

"लोकांनी तुला तिथं बसायला धाडलंय ना? मंग जाऊन बस तिथं. माझ्या बाजेवर काय करतो?"

काकासाहेब उठले. सुलेखानं त्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावर नेऊन सोडलं. आत जाताना ते म्हणाले, "लाल दाबतो, ताई."

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या टीव्हीपुढं ही गर्दी झाली. पक्षाच्या बाकी दोघांनी व्हिप पाळला, पण काकासाहेबांनी खरंच विरोधात मत दिलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुलेखाचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात निकाल आला : सरकार दहा मतांनी तरलं.

"असं कसं?" ती ओरडलीच.

कसं ते थोड्या वेळानं कळलं. सरकारला रोज शिव्या घालणाऱ्या दुसऱ्याच एका पक्षाचे अकरा खासदार मतदानाच्या आधी घोषणा देत सभागृहाबाहेर निघून गेले होते. निषेध म्हणे! बहुमत मोजतात ते हजर राहून मत देणाऱ्यांचं. हे अकरा जण बसून राहिले असते आणि लाल दाबलं असतं, तर सरकार एका मतानं पडलं असतं. काकासाहेबांच्या एका मतानं. सुलेखानं ही वजाबाकी तीनदा करून पाहिली आणि रिमोट टेबलावर आपटला.

काकासाहेबांना अपात्र ठरवा, असा अर्ज पक्षाध्यक्षांनी त्याच संध्याकाळी लोकसभेच्या अध्यक्षांकडं दिला. त्याला आता आठ महिने झाले. निकाल नाही. पक्षाच्या बैठकीला बोलावणं नाही, विरोधक जवळ घेत नाहीत, खासदारकी गेलीही नाही आणि धड राहिलीही नाही. अकरा जणांच्या पक्षाला मात्र दोन समित्यांची अध्यक्षपदं मिळाली.

परवा काकासाहेबांनी विचारलं, "ताई, चुकलं का माझं?"

सुलेखाच्या हातात गळक्या पाइपलाइनच्या तक्रारींचा गठ्ठा होता. ती वैतागून म्हणाली, "तुमचं नाय चुकलं. पण हे मला रोज नका विचारू. बिडकीनचे लोक तासभर झाले बाहेर थांबलेत, त्यांना आत घेऊ का?"

"काय म्हणतेत?"

"रस्त्याचं काम सांगतेत. आन् म्हणतेत, चहा खासदारांसोबतच घेऊ."

काकासाहेब सदरा सारखा करत उभे राहिले आणि स्वतःच दाराकडं गेले.