लोंबकळतं बटण

आमच्या ह्यांच्या तोंडून कुणाला कधी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. धंदा शिंप्याचा, आणि नजर सदा दुसऱ्याच्या शिवणीतली खोट शोधणारी. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "या पडद्याची दुमड वाकडी आहे." माझ्या जिवात जीव आला.

रोज सकाळी सर्जनबाई तपासायला आल्या की ह्यांची टकळी सुरू. कोटाची बाही आखूड, खिसा तिरपा. बाई हसून म्हणायच्या, "काका, बरे झालात की तुम्हीच नवा शिवून द्या." मी मात्र शरमेनं अर्धमेली व्हायचे.

ऑपरेशनआधीच बाईंनी मला बजावलं होतं. "हा अवयव लोण्यासारखा मऊ असतो. त्यात घातलेला टाका कधीकधी धरत नाही आणि आतल्या आत गळती होते. लवकर कळली तर निभावतं, उशीर झाला तर जिवावर बेततं. म्हणून काकू, काहीही वेगळं वाटलं तर सांगा. फालतू वाटलं तरी सांगा."

एका सकाळी नणंद सूप घेऊन आली. ह्यांनी निमूट घोट घेतले. उशी कशी हवी विचारलं, तर "ठेव कशीही." नणंद हरखलीच. "वहिनी, दादा किती शांत झालाय! देव पावला म्हणायचा." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एक सकाळ तरी सुखाची मिळाली म्हणून मी पाय सोडून निवांत बसले.

मग बाई आल्या. ताप नव्हता. पोटात घातलेल्या नळीतून पिशवीत येणारं पाणी कालच्यासारखंच दिसत होतं. नाडी जराशी जलद होती, पण ह्यांना नुकतंच खुर्चीतून उठवून झोपवलं होतं. बाई वाकल्या तेव्हा त्यांच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत अगदी ह्यांच्या नाकासमोर झुलत होतं. ह्यांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पाय सोडून बसले होते, ती मी ताडकन उठले.

बाई दारापर्यंत पोचल्या होत्या. हसतील तर हसू देत, म्हणून मी मागे धावले. "डॉक्टर, तुमचं बटण तुटायला आलंय, आणि हे काही बोलले नाहीत."

नणंदेनं कपाळावर हात मारला. बाईंनी खाली बटणाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हसल्या नाहीत. परत येऊन त्यांनी नाडी पुन्हा मोजली. ती अजून जलदच होती. "नळीतलं पाणी तपासायला पाठवा," त्या सिस्टरना म्हणाल्या, "आणि स्कॅन आत्ताच करू."

आतला टाका सैल पडला होता. पाणी साठायला नुकती सुरुवात झाली होती. "आज कळलं म्हणून सुईच्या वाटेनं एक नळी घालून भागेल," बाई म्हणाल्या. "अजून थांबलो असतो तर..." कोट खुर्चीवर टाकून त्या आत गेल्या.

बाहेर बसून मी काय करणार? शिंप्याची बायको मी, पर्समध्ये सुईदोरा असतोच. दाराकडे बघत बघतच ते बटण लावलं.

नळीनं आपलं काम केलं. हे मात्र गप्पच होते, आणि त्या शांततेचा मला आता रागच यायला लागला होता. मग एका सकाळी बाई तपासायला वाकल्या आणि ह्यांचे डोळे बटणावर खिळले.

"हे कुणी लावलंय? नुसता दोरा गुंडाळून ठेवलाय."

"मी लावलंय," मी म्हटलं.

"तरीच."

या एका शब्दावरून मी आयुष्यभर ह्यांच्याशी भांडत आले. त्या दिवशी रुमाल तोंडाला लावून ढसाढसा रडले.

"अजून बोला ना," म्हटलं. "आणखी काय काय चुकलंय माझं?"