सव्वासहा किलोचा कंप्युटर

फी भरायच्या तारखेला राजनंदिनीनं फीऐवजी पेढे आणले, तेव्हाच शिवगंगाबाईंनी ओळखलं. पोरीनं पेढा हातावर ठेवला आणि खाली बघत सांगितलं की ती आता अंबाजोगाईला कंप्युटरच्या क्लासला जाणार. जीपवाल्याशी महिन्याचं ठरलंसुद्धा होतं.

बाईंनी पेढा खाल्ला. पेढ्यावर राग काढणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस थांब. तवर जीपवाल्याला सांग, मामाच्या घरी पाव्हणे आलेत."

केजच्या तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत, कल्याणरावांच्या किराणा दुकानावरच्या माडीत, बाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट चौदा वर्षं चाललं होतं. सात मराठी मशीनं, चार इंग्रजी. तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत जा, एखादा तरी कारकून बाईंच्या हाताखालून गेलेला सापडायचा आणि बाईंना बघून खुर्चीत सरळ बसायचा. पण नव्व्याण्णव साल उजाडलं आणि सकाळच्या बॅचा विरळ व्हायला लागल्या. बासष्ट पोरींच्या तेवीस राहिल्या. त्यातली राजनंदिनी सगळ्यांत तयार. ती गेली की तिच्यामागं दहा जाणार, हे बाईंना मशीनच्या घंटीइतकं स्वच्छ ऐकू येत होतं.

माडी सासऱ्यांची. कल्याणराव सत्तरीचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात पितळी अडकित्ता. त्यांनी सुनेला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की दिवाळीपर्यंत वर्ग भरला नाही तर माडीत सरकीच्या पेंडीची पोती येणार. पोती रोज येतात, रोज जातात आणि परीक्षेत नापास होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बाईंचा नवरा राजेश्वर माजलगावच्या साखर कारखान्यात नोकरीला. तो शनिवारी रात्री यायचा, वडिलांपुढं मान हलवायचा, बायकोपुढंही मान हलवायचा आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं निघून जायचा. म्हणजे त्याचं मत धरायचंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाई लातूरला गेल्या, त्या पर्समध्ये शिंप्याची टेप घेऊन. दुकानातला बंकट नावाचा माणूस मूळचा बाईंच्याच जिल्ह्यातला, धर्मापुरीचा निघाला. त्यानं आधी उभा कंप्युटर दाखवला. धान्याच्या कोठीसारखा, निळे दिवे लागणारा आणि तीन हजारांनी स्वस्त. मग कोपऱ्यातला आडवा, चपटा डबा दाखवला. त्याला तो कॉम्पॅक्ट म्हणत होता. बंकट वेगाबद्दल आणि अमेरिकेबद्दल बोलत राहिला. बाईंनी टेप काढली आणि दोन्ही मापले. उभ्यासाठी माडीतली दोन टेबलं काढावी लागणार होती. आडवा मात्र मशीनच्या एका टेबलावर बसत होता, वर त्याच्या टीव्हीसारख्या पडद्यासकट. त्याच्यासाठी एकच मशीन हलवावं लागलं असतं. एक्केचाळीस हजारांना तो डबा होता आणि बाईंच्या पोस्टात त्रेचाळीस होते. चौदा वर्षांचे.

"शनिवारी केजला घेऊन या," बाई म्हणाल्या. "एक दिवस चालवून बघणार. पटला तर पैसे, न्हाई तर जीपचं भाडं देते."

दुकानात अशी रीत नव्हती. पण केजमध्ये अजून एकही कंप्युटर विकला गेला नव्हता, हे बंकटलाही ठाऊक होतं.

शनिवारी साडेआठला बंकट डबा गोधडीत गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून जीपमधून उतरला. टीव्ही मागच्या सीटवर होता. गल्लीतले लोक जमले, त्यांनी गोधडी सुटताना बघितली आणि त्यांचा हिरमोड झाला. एवढ्या बोलबाल्यावर निघालं काय, तर पानाच्या डब्याहून जरासं थोर काहीतरी. कल्याणरावांनी तो एका हातानं उचलला. तिथंच बंकटची बाजू पडली. जी वस्तू एका हातानं उचलली जाते तिला कल्याणराव भाव देत नसत.

त्यांनी डबा सरळ दुकानातल्या काट्यावर ठेवला. वजनं टाकली, काढली, पुन्हा टाकली.

"सव्वासहा किलो. म्हंजी साडेसहा हजार रुपये किलो पडला. का रं, ह्यात केशर भरलंय का?"

बंकट म्हणाला की टीव्हीचंही वजन धरायला पाहिजे. कल्याणराव म्हणाले, टीव्ही घरात हाय.

सगळे माडीत आले. बंकटनं तारा जोडल्या आणि घाईघाईनं कल्याणरावांना आग्रह धरला की मालक, दिवस चांगला आहे, विभूती लावून घ्या. त्याला कुणीतरी गल्लीतलं गुपित सांगितलं असावं. त्या घरात नव्या वस्तूला कल्याणरावांनी विभूतीची बोटं ओढली की ती घरची झाली. मग ती बिघडो, बंद पडो, परत दुकानाची पायरी चढत नसे. असा एक रेडिओ फळीवर पंधरा वर्षं मुका बसला होता आणि दर सोमवारी त्याचीही पूजा होत होती. पण कल्याणराव कच्चे नव्हते. "सुनेला पटू दे, मग बघू," म्हणून त्यांनी हात पाठीमागं बांधले.

बंकटनं पत्त्यांचा खेळ दाखवला. रंगीत मासे दाखवले. पोरी खुर्च्या ओढून जवळ आल्या. बाईंनी मात्र मराठी लावायला सांगितलं आणि कपाटातून लाकडी झाकण काढलं. हे झाकण त्यांनी सुताराकडून करून घेतलं होतं. कळांवर ते बसवायचं, खालून हात घालायचे आणि न बघता टाइप करायचं. इन्स्टिट्यूटमध्ये आलेलं कुठलंही मशीन या झाकणाखाली परीक्षेचा सात मिनिटांचा उतारा धड उतरवल्याशिवाय पास होत नसे. कंप्युटरला वेगळा नियम लावायचं बाईंना काही कारण दिसलं नाही.

राजनंदिनीनं घड्याळ धरलं. बाईंनी बोटं ठेवली आणि माननीय तहसीलदारांना अर्ज लिहायला घेतला. टीव्हीवर जे उमटलं ते तहसीलदारांनी वाचलं असतं तर बाईंना आत टाकलं असतं. एक शब्द धड नव्हता. पोरींनी ओढण्या तोंडावर धरल्या. कल्याणरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी खाली चहा सांगितला.

"बाई, ह्याच्या कळांची मांडणी निराळी," बंकट म्हणाला. "नव्यानं शिकायचं. दोन महिने लागतील."

"मी शिकेन हो. पण ह्या तेवीस पोरींची बोटं बसलीत टायपायटरवर. सरकारची परीक्षा अजून टायपायटरवरच हाय. सातला एक मांडणी आन् नऊला दुसरी शिकवली तर दोन्हीकडं नापास व्हतील." बाईंनी झाकण उचललं नाही. "टायपायटरची मांडणी ह्यात असंल. ज्यानं मराठी ह्यात घातलं त्यानं कधी टायपायटर बघितला नसंल व्हय? विचारा कुणाला तरी."

बंकटनं दुकानाला माहीत नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, मग ज्याला माहीत आहे त्याला विचारा. अकराला लाइट जाते, त्याच्या आत. केजमध्ये त्या दिवसांत अकराला लाइट जायची म्हणजे जायची. तेवढा एकच कारभार वेळेवर होता. कल्याणरावांनी हाही मुद्दा पुढं केला, की टायपायटरला लाइट लागत न्हाई. बाईंनी उत्तर दिलं की बॅचा सात ते अकरा आहेत, आणि त्यानंतर त्यांना स्वयंपाकच असतो.

बंकट समोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेला. आधी लातूर, मग पुणे. काचेतून त्याचे हातवारे दिसत होते. कल्याणरावांनी चहा संपवला, पेंडीची पोती भिंतीला लागून किती बसतील ते डोळ्यांनी मोजलं. बाई मशीनसमोरून हलल्या नाहीत. लातूरला परत जाणारी जीप साडेअकराची आणि राजनंदिनीचे पंधरा दिवस उद्या संपत होते. पुन्हा असा शनिवार मिळणार नव्हता.

अकराला पंचवीस कमी असताना बंकट जिना चढून आला. घामाघूम, पण हसत. त्यानं बसून चार-पाच ठिकाणी खुटखुट केली. टायपायटरची मांडणी त्या डब्यात पहिल्यापासून होती. निवडायची होती फक्त, आणि लातूरमध्ये कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"घड्याळ धर," बाई म्हणाल्या.

पहिला शब्द नीट आला. दुसरा आला. माननीय तहसीलदार आले, केज आलं. कल्याणरावांना राहवेना. ते बाईंच्या डाव्या अंगानं पुढं आले, आणखी पुढं आले आणि टीव्हीला नाक लागेल इतके वाकले.

ओळ आपोआप खाली जाते, हे बंकटनं सांगितलं होतं आणि बाईंना पटलंही होतं. पण चौदा वर्षांच्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. साठ अक्षरं भरली आणि बाईंचा डावा हात झाकणाखालून निघाला, टायपायटरचा ओळ बदलायचा दांडा ओढायला वर गेला आणि डावीकडून उजवीकडं सासऱ्यांच्या कपाळावरून सपकन फिरला. विभूतीचे तिन्ही पट्टे पुसले गेले.

या घरात सून सासऱ्यांपुढं पदर सावरूनच बोलायची. बंकटनं आपली गोधडी जवळ ओढली.

बाईंना सगळं कळलं होतं. पण सात मिनिटं भरायच्या आत उठणाऱ्या उमेदवाराला त्यांनी आजवर नापासच केलेलं होतं. हात पुन्हा झाकणाखाली गेला आणि दुसरी ओळ सुरू झाली. कल्याणराव दोन पावलं मागं सरले. प्रत्येक ओळीला बाईंचा हात हवेत जात राहिला आणि दर वेळी ते आणखी अर्धं पाऊल मागं होत राहिले.

"टाइम," राजनंदिनी म्हणाली. मिनिटाला बत्तीस शब्द आणि तीन चुका; परीक्षेला तीस पुरतात.

बाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि सासऱ्यांच्या पाया पडल्या.

"मामा, चुकले. मारा, बोला, काय करायचं ते करा. पण हे मशीन मी घेणार. पैसे माझे हायेत. सोमवारपासून कंप्युटरची बॅच लावते. दिवाळीपर्यंत चाळीस पोरी आल्या न्हाईत तर पोती मी स्वतः वर चढवीन."

कल्याणरावांनी लाकडी झाकण उचललं. डाव्या हाताखालच्या पाच-सहा कळा पांढऱ्याफेक झाल्या होत्या. म्हाताऱ्यानं त्या कळांकडं बघितलं, मग मुक्या रेडिओच्या फळीकडं, मग बंकटकडं.

"आता परत कसा द्यायचा?" ते म्हणाले. "पूजा झाली की. तीबी माझ्या कपाळाच्या विभूतीनं."

खिशातली डबी काढून त्यांनी डब्यावर नीट तीन बोटं ओढली, कारण अर्धवट पूजा त्यांना चालत नसे. तेवढ्यात लाइट गेली. बंकटनं पैसे घेतले. राजनंदिनीनं जीपवाल्याला काय सांगायचं ते तिथंच बाईंना विचारलं, आणि बाईंनी सांगितलं की खरं सांग.

कोपऱ्यातलं सगळ्यांत जुनं मराठी मशीन, ज्यावर शिवगंगाबाई स्वतः शिकल्या होत्या, ते बाईंनी आणि बंकटनं मिळून खाली आणलं. कल्याणरावांनी काट्यावर ठेवलं. साडेपंधरा किलो भरलं. ते त्यांनी गल्ल्याजवळ ठेवून घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वजन सांगू लागले.

सोमवारी सात वाजता ते माडीत आले. नव्या बॅचमध्ये राजनंदिनी धरून सात पोरी होत्या. त्यांनी त्या मोजल्या, आणि दाराजवळची खुर्ची उचलून कंप्युटरच्या उजव्या बाजूला मांडून बसले.