सखूचं मत न मिळालेली पेटी

मी मतपेटी बोलतेय. घाबरू नका, कोणी कोणाला मत दिलं ते मी सांगणार नाही. ते विचारायचंही नसतं. मला सांगायचंय ते माझ्यात न पडलेल्या एका मताबद्दल. ते काही केल्या मला सोडत नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. देशाची पहिली निवडणूक तोंडावर आली होती, म्हणून माझ्यासारख्या लाखो बहिणी घाईघाईनं ठोकून काढल्या होत्या. आगगाडीनं मी वर्ध्याला आले आणि तिथून बैलगाडीनं कारंज्याकडच्या जंगलपट्टीतल्या एका गावी. शाळेतल्या पाट्या-पुस्तकं बाजूला सारून तिथं मतदान केंद्र केलं होतं.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून आमच्यावर त्याचं चिन्ह चिकटवत. मतदारानं यादीत नाव तपासून घ्यायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, कागद घेऊन एकट्यानं पडद्याआड यायचं आणि हव्या त्या पेटीत तो टाकायचा. आत मालगुजारही एकटा आणि त्याच्या शेतात वर्षभर राबणारा सालदारही एकटाच. दोघांचे कागद अगदी सारखे. कोणी मला हात जोडले, एकीनं तर फूल ठेवलं. मी मनातून फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू!

दुपारी पडद्यापलीकडून एका बाईचा आवाज आला. ही सखू. चार कोस चालून, सोळा-सतरा वर्षांच्या लेकीला, बायजाला, घेऊन ती आली होती. यादी घेऊन बसलेले वासुदेवराव मास्तर म्हणाले, "पुनाजी सोमा मडावी, हे नाव आहे. ते कुठं आहेत?"

"बायजाचा बाप त दिवाईतच गेला जी," सखू म्हणाली. "माह्यं नाव पाहा."

"तुमचं नाव काय?"

ती जराशी थांबली. परक्या पुरुषापुढं बाईनं आपलं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. मतदारांची नावं लिहून घ्यायला यादीवाला घरी आला तेव्हाही ती दारामागं गप्प उभी राहिली होती आणि शेजाऱ्यानं लिहवलं होतं, 'पुनाजीची बायको'. आज मात्र तिनं स्पष्ट सांगितलं, "सखू."

मास्तरांनी यादी दोनदा पाहिली. "बाई, अमक्याची बायको, तमक्याची आई, अशी नावं वरून आदेश आला म्हणून गाळलीत. मी काही करू शकत नाही."

"मेलेला मानूस यादीत हाये, अन् मी जित्ती असून नाई? मंग मी कोन हावो जी?"

मास्तरांनी पुढच्या मतदाराचं नाव पुकारलं. दार बंद होईपर्यंत ती दाराशीच उभी होती, आणि पुढं पडलेल्या प्रत्येक कागदाबरोबर मला तोच प्रश्न ऐकू येत होता.

मग पाच वर्षं मी तहसील कचेरीच्या कोठीत पडून होते. वर्धा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, माझ्या कडांना गंज चढला. भर दुपारी, सगळं सामसूम असताना, माझ्या रिकाम्या पोटात कोणीतरी विचारायचं, "मी कोन हावो जी?" शेजारच्या पेट्यांना काही ऐकू येत नसे.

सत्तावन्न साली मला पुन्हा त्याच शाळेत नेलं. योगायोग म्हणा. मी दिवसभर कान देऊन होते. दुपारी बायजाचं नाव कानी पडलं. यादीपाशी या खेपेला प्रभाकरराव होते.

"माह्यं त हायेच जी, पन मायचं पाहा. सखू."

"मडावी, सखू पुनाजी," त्यांनी वाचलं. "आहे की! मागं का राहिल्या? बोलवा त्यांना."

"संक्रांतीले गेली माय. यादीवाला आला त सोता आंगनात येऊन तिनं तीनदा नाव सांगतलं होतं. म्हने, आता मले कोन नाई म्हनते पाहातो."

प्रभाकररावांनी यादीचं पान पुन्हा जवळ ओढलं.

"एकडाव अजून वाचा जी. मोठ्यानं," बायजा म्हणाली. "जल्मभर तिले कोनी नावानं हाक नाई मारली."

प्रभाकररावांनी उभं राहून नाव वाचलं. मग बायजा पडद्याआड आली. तिचा कागद कोणत्या पेटीत पडला ते सांगणार नाही, शपथ आहे. पण टाकताना ती हळूच म्हणाली, "माय, टाकतो वं." मोजणीत ते एकच मत धरलं.

आता मी परत कोठीत आहे. झाकण नीट लागत नाही, पुढच्या खेपेला मला नेतील असं वाटत नाही. तुमच्या दारी यादीवाला आला तर घरातल्या बाईला पुढं येऊ द्या. तिचं नाव तिलाच सांगू द्या, एवढंच माझं मागणं.

दुपारी तो प्रश्न अजून येतो. पण आता मला उत्तर ठाऊक आहे. मी सांगते, "मडावी, सखू पुनाजी."