ढगाचं पोट

ताक्तू माझ्या भावाचा मुलगा, पण त्याला नाव माझ्या वारलेल्या वडिलांचं दिलेलं. म्हणजे आमच्या बर्फाळ मुलखातल्या रीतीनं तो माझाच बाप. तो रांगत होता तेव्हापासून मी त्याला बाबा म्हणते आणि बोलायला लागल्यापासून तो मला पोरी म्हणतो. बापाला कुणी हुकूम सोडत नाही, रागावत तर नाहीच. त्या लाडानं तो चांगलाच शेफारला, हेही खरं.

त्याची बायको निविआक दवाखान्यात बाळंत होऊन, बाळाला घेऊन थेट सानिराजाकला माहेरी गेली होती. आमच्या इग्लूलिकहून विमानात बसलं, की हातातला चहा संपेपर्यंत ते गाव येतं. पण ढग खाली उतरले आणि विमान रद्द झालं. ताक्तूनं लेकीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. त्यानं सरळ स्नोमोबाइल, बर्फावर पळणारी गाडी, काढली.

“किनाऱ्यानं जाताय ना, बाबा?” मी विचारलं.

“किनाऱ्यानं कशाला वळसा घालू? परवाच घरी परतताना विमानातून, वरून बघितलंय मी. इथून तिथवर समुद्रावर पांढराशुभ्र बर्फ. विमान जातं त्याच रेषेत जातो.”

वरून सगळंच पांढरं दिसतं. आम्ही खालची माणसं ढगाचं पोट बघतो. खाली बर्फ असला तर ते उजळ असतं, उघडं पाणी असलं तर काळं पडतं. त्या दिवशी समोर, समुद्रावर, ते काळं होतं. माझे वडील त्याच बाजूला बुडाले. मी किनाऱ्यावर होते, आणि त्यांच्या कुत्र्यांचं भुंकणं एकाएकी थांबलेलं मी ऐकलं होतं.

मी बोट दाखवलं. तो म्हणाला, तुम्हा म्हाताऱ्यांना ढगातसुद्धा काहीबाही दिसतं. नका जाऊ म्हणायची तर सोयच नव्हती. मग मी गाडीला मागे जोडलेल्या स्लेजवर, घसरगाडीवर, चढून बसले. लेकीचा हट्ट बाप मोडत नाही, हीही रीतच. मी बरोबर असले की तो किनारा धरेल, असं मला वाटलं.

त्यानं हसून आपलं पांघरूण मला दिलं आणि गाडी सरळ रेषेत घातली.

ढगाचं काळं पोट डोक्यावर येत चाललं. “बाबा, मला भीती वाटते,” मी ओरडून सांगितलं. तेव्हा कुठे तो थांबला. उतरून त्यानं बर्फाची जाडी पाहायला भाला मारला, तो पहिल्याच घावात आरपार गेला.

“पोरी, उतर,” तो हळू म्हणाला. “आल्या वाटेनं मागं चाल. माझ्याजवळ येऊ नकोस.”

मी चालत राहिले. मागे त्यानं गाडी वळवायला घेतली. मग इंजिनाचा आवाज बंद पडला. मी थांबून मागे वळले.

पण तो आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात नुसता भाला. गाडी आणि स्लेज पाण्यात गेली होती. मला रडू फुटलं.

तेवढ्यात ढगांच्या वरून विमानाची घरघर ऐकू आली, सानिराजाककडे जाणारी.

“उडालं की,” तो म्हणाला. “जरा थांबलो असतो तर…”

तो वर बघत होता. मी गावाकडे बघत होते. तिथं, आम्ही आलो त्या बाजूला, ढगाच्या पोटावर एक काळा पट्टा उमटला होता. निघताना तो नव्हता. आमच्या पायाखालचा बर्फ किनाऱ्यापासून सुटला होता.

“काय बघतेस, पोरी?”

“ताक्तू,” मी म्हणाले. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदाच नावानं हाक मारली. “माझा हात धर. आणि सोडायचा नाही.”