मऊ वळ्या

घसरगाडीचे पुढचे टोक एका लाकडी पेटीवर खाडकन आपटले, तसे येइकोने रेनडिअर आवरले. उडत्या बर्फातून आणखी पेट्या दिसू लागल्या. सासऱ्याच्या मेलेल्या वाडवडिलांना या पेट्यांतच ठेवले होते. या जागेवरून जिवंत माणसाने तांडा न्यायचा नसतो.

या मुलखात ना झाड, ना टेकडी. वाट दाखवायला वाऱ्याने पाडलेल्या बर्फाच्या वळ्या तेवढ्या. जुन्या वळ्या खाली असतात, कडक, आणि त्यांची दिशा बदलत नाही. त्या पायाने चाचपत जायचे. येइको कालच्या वाऱ्याच्या मऊ वळ्या धरून आला होता. शेंबडे पोरही असे करत नाही.

हात गारठले म्हणून सासऱ्याने, म्हाताऱ्या हाद्कोने, वाटेत हाकायची काठी येइकोकडे दिली होती आणि स्वतः त्याच्या मागे टेकला होता. वादळात मागच्यांना ते दिसले नव्हते. एरवी सगळा जन्म तांड्यापुढे हाद्कोच. त्याचा सगळा मान त्यातच होता.

मेहुणा मेत्को धावत आला.

"आजोबांच्या अंगावर गाडी घातली? कोण हाकत होतं?"

येइकोने तोंड उघडले. तोवर त्याच्या हातातली काठी म्हाताऱ्याने काढून घेतली होती.

"मी," हाद्को म्हणाला. "वळ्या चुकलो."

"बाबा, तुम्ही? डोळे गेले की काय?"

"गेले असतील."

येइकोला अजूनही बोलता आले असते. पण अशी चूक करणाऱ्याच्या मागे पुन्हा कोणी गाडी लावत नाही. तो खाली बसून रेनडिअरचे पट्टे सोडवू लागला. म्हाताऱ्याने पेटीवर पावाचा तुकडा ठेवला, चहा ओतला आणि मेलेल्यांची माफी मागितली, स्वतःच्या नावाने.

सकाळी आभाळ निवळले. मेत्कोने परस्पर ठरवून टाकले.

"दाजी, आजपासून पुढं तुम्ही. बाबा पोरांबरोबर बसतील."

"मामा, काल मी..." येइको सासऱ्याकडे वळला.

"दोर आवळा, जावईबापू. उशीर होतोय."

हाद्को शेवटच्या गाडीकडे गेला. तिथे भांडी होती आणि दोन नातवंडे.

"सरका रे. म्हाताऱ्याला जागा द्या."

येइकोची बायको त्याची टोपी बांधायला आली. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

"बाबांचं वय झालं हो. काल तुम्ही जवळ होतात म्हणून निभावलं."

"हो," येइको म्हणाला आणि त्याने रेनडिअर हाकले.